खोलीचें दार आणि हातांतील यंत्र

एकांतांत प्रार्थना कशी करावी याविषयीं प्रभूनें आपल्या शिष्यांस जी शिकवण दिली, तींत खोलीचें दार लावून घेण्याची गोष्ट आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्या काळीं ती दिली गेली, त्या काळीं दार लाविलें कीं बाजार बाहेर राही, शेजाऱ्यांचा कलह बाहेर राही, राजदरबारच्या वार्ता बाहेर राहत. आज मनुष्य खोलींत जातो, दार लावितो, गुडघे टेकितो. आणि तोच बाजार, तोच कलह व साऱ्या जगाच्या वार्ता त्याच्या सदऱ्याच्या खिशांतून त्याच्याबरोबर आंत आलेल्या असतात. अशा स्थितींत ध्यान व मनन करूं इच्छिणाऱ्यानें काय करावें, आणि त्याचें चित्त विचलित झालें तर तो दोष कोणाचा समजावा, या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

हा प्रश्न शहरांतील सुखवस्तु लोकांचाच आहे असें कोणी समजूं नये. २०१६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत जिओ कंपनीची सेवा सुरू झाली, आणि त्यानंतर आपल्या देशांत इंटरनेट फार स्वस्त झालें. जेथें घरोघरीं वर्तमानपत्र कधीं गेलें नव्हतें तेथेंहि मोबाइलवरील चित्रें व व्हिडिओ जाऊन पोहोंचले. ऊसतोड मजुरांच्या कोपींत, एस.टी.च्या थांब्यावर, धारा काढून झाल्यावर गोठ्याच्या दारांत, आणि दुःखानें म्हणावें लागतें कीं उपदेश चालला असतां उपासनामंदिराच्या मागल्या बांकांवरहि, खालीं वळलेल्या माना दिसतात. तेव्हां हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांचाहि आहे.

प्रथम ध्यान म्हणजे काय तें ठरविलें पाहिजे. आपल्या मराठी भाषेंत हा शब्द दोन अर्थीं चालतो. योगी आसन घालून बसतो तेंहि ध्यान, आणि आई मुलास बाजारांत पाठवितांना सांगितलेलें ध्यानांत ठेव म्हणते तेंहि ध्यान. हे दोन अर्थ एकाच शब्दांत राहिले आहेत ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कित्येक पंथांत मन सर्व विचारांपासून मोकळें करण्यास, तर कित्येकांत केवळ श्वासाकडे पाहत राहण्यास ध्यान म्हणतात. आमच्या परंपरेंत एखादें वचन घेऊन, गाय रवंथ करिते त्याप्रमाणें तें मनांत पुनःपुन्हां घोळविण्यास मनन म्हणतात. इसहाक संध्याकाळच्या वेळीं मनन करावयास रानांत गेला होता, असें उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. प्रभु मोठ्या पहाटेस उठून एकांत स्थळीं गेला, असें मार्क लिहितो. रीति भिन्न असल्या तरी त्या सर्वांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. मनुष्यानें आपलें लक्ष आपण होऊन एका ठिकाणीं ठेवावें, आणि तें सुटलें तर निराश न होतां पुन्हां तेथें आणावें. ज्याचें लक्ष त्याच्या स्वाधीन उरलें नाहीं, त्यास यांपैकीं कोणतीच रीति साधणार नाहीं.

येथें एका गैरसमजापासून सावध राहिलें पाहिजे. पूर्वींच्या लोकांचीं मनें स्थिर होतीं आणि तीं या यंत्रानें बिघडविलीं, असें म्हणणें सोपें आहे. पण तें खरें नाहीं. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत मिसर देशांतील ओसाड प्रदेशांत पुष्कळ ख्रिस्ती तपस्वी एकांतवास करीत असत. त्यांपैकीं इव्हाग्रियस नांवाचे एक विद्वान गृहस्थ ३९९ सालीं तेथेंच वारले. चित्ताच्या चंचलतेविषयीं त्यांनीं जें लिहून ठेविलें आहे तें वाचून आजचा मनुष्य चकित होईल. आपल्या झोपडींत बसलेल्या तपस्व्यास दुपारच्या सुमारास दिवस संपतां संपेनासा होतो. जेवणाची वेळ किती दूर आहे हें तो सूर्याकडे पाहून अजमावितो. कोणी बंधु भेटावयास येत आहे काय म्हणून पुनःपुन्हां बाहेर डोकावतो. आणि अखेरीस ही जागाच वाईट, दुसरीकडे गेल्यास बरें होईल, असें त्यास वाटूं लागतें. त्या तपस्व्याजवळ मोबाइल नव्हता. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुनहि हीच तक्रार करितो, आणि मनाच्या अनावरपणास वाऱ्याची उपमा देतो. तेव्हां चंचलता ही मनुष्याबरोबर जन्मास आलेली आहे. मोबाइल विहिरींत टाकिला म्हणून कोणाचें मन आपोआप शांत होईल अशी आशा करूं नये.

मग आजच्या काळांत नवें तें काय? मिसर देशांतील त्या तपस्व्याचें मन भटकलें तर त्यापासून कोणास एक कवडीहि मिळत नव्हती. आज आमचें मन भटकलें कीं कोणाचा तरी गल्ला भरतो. हर्बर्ट सायमन नांवाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं १९७१ सालींच दाखवून दिलें होतें कीं माहितीचा सुकाळ झाला म्हणजे ती घेणाऱ्यांच्या लक्षाचा दुष्काळ पडतो. ज्या मालाची टंचाई त्यास भाव येतो, हें बाजार समितींतील कोणताहि आडत्या सांगेल. आमच्या लक्षास असाच भाव आला आहे. मोबाइलवरील पुष्कळशा सेवा आम्हांस फुकट मिळतात, याचें कारण त्यांचें पैसे देणारें गिऱ्हाईक आम्ही नव्हेच. तें गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातदार, आणि त्यास जें विकिलें जातें तें आमचा वेळ व आमची नजर.

हा माल अधिकाधिक काढून घेण्याच्या युक्त्या विचारपूर्वक योजिलेल्या आहेत. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं पारव्यांवर पुष्कळ प्रयोग केले, व १९५७ सालीं आपले सहकारी फर्स्टर यांच्यासह ते ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. पारव्यानें ठराविक जागीं चोंच मारिली कीं त्यास दाणा मिळे. दाणा ठरलेल्या हिशेबानें मिळूं लागला, तर तो मिळाल्यावर पारवा थोडा विसावा घेई. परंतु किती चोंची मारल्या म्हणजे दाणा मिळेल याचा नेम नसला, तर तो विसावा न घेतां चोंच मारीतच राही; इतकेंच नव्हे, तर दाणे अजिबात बंद केल्यावरहि बराच वेळ मारीत राही. आतां मोबाइलचा पडदा अंगठ्यानें वर सारीत बसलेल्या मनुष्याकडे पाहावें. दहा निरुपयोगी चित्रांमागून एक गमतीचें चित्र येतें. तें केव्हां येईल याचा नेम नसतो. म्हणून अंगठा थांबत नाहीं.

पूर्वीं पुस्तकाचें पान संपे, वर्तमानपत्राचा अंक संपे, कंदिलांतील तेल संपे, आणि उठण्याची वेळ झाली असें मनुष्यास आपोआप कळे. २००६ सालीं अझा रास्किन या तरुण संगणकतज्ज्ञानें अशी योजना तयार केली कीं पान कधीं संपूंच नये. वाचणारा खालीं जाईल तसतसा पुढील मजकूर आपोआप येत जावा. पुढें त्यानेंच या युक्तीबद्दल जाहीरपणें खेद व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनीं तर २०१७ सालीं उघड सांगितलें कीं लोकांचा वेळ व लक्ष जास्तींत जास्त कसें घेतां येईल हाच विचार आरंभीं त्या उद्योगांत पडलेल्यांपुढें होता, आणि मनुष्यस्वभावांतील एका दुबळेपणाचा आपण फायदा घेत आहों हें त्यांस ठाऊक होतें. ही साक्ष कोणा विरोधकाची नसून त्या घरांतल्याच माणसाची आहे.

तर मग दोष कोणाचा? कोणी म्हणतात, ज्याचा अंगठा त्याचा दोष. मनोनिग्रह नाहीं म्हणून मनुष्य यंत्राच्या अधीन होतो. कोणी म्हणतात, हजारों हुशार माणसें ज्याला गुंतविण्यासाठीं पगार घेऊन राबत आहेत, त्या एकट्या मनुष्यास दोष देणें अन्याय आहे. आमच्या मंडळ्यांनीं दारूच्या प्रश्नाचा पुष्कळ वर्षें विचार केलेला आहे, आणि त्या विचाराचा येथें उपयोग होईल. पिणारा आपल्या पिण्याबद्दल जबाबदार आहे. म्हणून विकणारा निर्दोष ठरत नाहीं. आणि शाळेच्या वाटेवर गुत्ता उघडला जात असतां जें गांव गप्प बसलें, त्याच्याकडेहि कांहीं जबाबदारी येते. जबाबदारी ही भाकरीसारखी नाहीं कीं एकानें अधिक घेतली म्हणून दुसऱ्याच्या वांट्यास कमी यावी. ज्यांनीं हें जाळें विणलें त्यांचा न्याय सरकारें व न्यायालयें करोत, आणि त्यांच्याहि वरचा न्यायाधीश करो. आमच्या स्वतःच्या लक्षाचा हिशेब मात्र आम्हांसच द्यावयाचा आहे. आम्ही त्याचे मालक नसून कारभारी आहों.

परंतु दारूचा दृष्टान्त एका जागीं अपुरा पडतो, आणि तें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. दारू सर्वस्वीं सोडितां येते. मोबाइल सोडितां येत नाहीं, व सोडावाच असेंहि नाहीं. कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज, बँकेंतील पैसे, दवाखान्याचा निरोप, पुण्यामुंबईस कामास गेलेल्या मुलाचा आवाज, हें सारें त्याच्यावरच येतें. ज्या म्हाताऱ्या बाईस वाचतां येत नाहीं, ती त्याच्यावर शास्त्रपाठ ऐकते. ज्याची दृष्टि मंद झाली तो अक्षर मोठें करून वाचितो. २०२० सालच्या टाळेबंदींत उपासनामंदिरें बंद असतां अनेक मंडळ्यांची उपासना मोबाइलवरूनच चालली, आणि एकट्या पडलेल्या कितीकांस तेवढाच आधार झाला. ज्या साधनानें इतकें भलें केलें तें मुळांतच पापरूप आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. म्हणूनच येथें व्यसनमुक्तीच्या प्रतिज्ञेपेक्षां कठीण असें कांहीं करावें लागतें. जी वस्तु रोज हातीं धरावयाची तिच्या हातीं आपण जाऊं नये, हें रोज पाहावें लागतें.

या अडचणीवर उपाय म्हणून त्याच यंत्रावर ध्यान शिकविणारीं ॲपेंहि निघालीं आहेत. १९७९ सालीं जॉन कबात-झिन यांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत बौद्ध ध्यानपद्धतीच्या आधारानें रोग्यांसाठीं अभ्यासक्रम सुरू केला. त्यानंतर ही विद्या इस्पितळांतून कचेऱ्यांत व कचेऱ्यांतून मोबाइलवर आली. हेडस्पेस हें ॲप २०१० च्या, व काम हें २०१२ च्या सुमारास सुरू झालेल्या उद्योगाचें आहे. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, असें मृदु आवाजांत कोणी सांगतो, आणि आपण सलग किती दिवस ध्यान केलें हें आंकडा दाखवितो. यांची थट्टा करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. ज्याचा पाय अधू आहे त्यानें काठी घेतली तर त्यांत लाज नाहीं, आणि ज्यास रात्रीं झोंप येत नाहीं त्यास अशा आवाजानें विसावा मिळाला तर तें चांगलेंच झालें. तथापि दोन गोष्टी ध्यानांत ठेविल्या पाहिजेत. ज्या पडद्यावर शांतीचा धडा मिळतो त्याच पडद्यावर, धडा संपण्यापूर्वींच, दहा निरोपांची घंटा वाजत असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही शांति कशासाठीं मिळवावयाची, हें तो आंकडा सांगूं शकत नाहीं. उद्यां अधिक काम उरकावें एवढ्यासाठींच जर मन शांत करावयाचें, तर आपण मनास विसावा दिला नाहीं, बैलास पाणी पाजून पुन्हां जुंपलें इतकेंच.

मोजणें वाईट असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. फ्रँक लौबक या अमेरिकन मिशनऱ्यानेंहि मोजिलें. १९३० सालीं ते फिलिपीन बेटांपैकीं मिंदानाओ बेटावर, लानाओ सरोवराच्या कांठीं मरानाओ मुसलमान लोकांत एकटे राहत होते. काम यशस्वी होत नव्हतें व मन खिन्न होतें. त्या वर्षीं त्यांनीं असा अभ्यास आरंभिला कीं जागेपणींच्या जितक्या मिनिटांत साधेल तितक्यांत देवाचें स्मरण ठेवावें. पुढें या अभ्यासास त्यांनीं मिनिटांचा खेळ असें नांव दिलें. येथवर त्यांच्या मोजण्यांत व ॲपच्या आंकड्यांत फारसा भेद दिसत नाहीं. भेद पुढें दिसला. आपण या लोकांपेक्षां श्रेष्ठ आहों असा भाव आपल्या मनांत दडून बसला होता, हें त्या एकांतांत लौबकांस उमगलें. ते त्या लोकांची भाषा मन लावून शिकूं लागले, त्यांच्या धर्मगुरूंजवळ बसूं लागले, आणि त्यांतूनच प्रौढांस वाचावयास शिकविण्याची ती सोपी पद्धति निघाली जिच्या योगें पुढें अनेक देशांतील निरक्षर लोक वाचूं लागले. एकांतांत कमाविलेलें लक्ष शेजाऱ्याच्या कामीं आलें.

सतराव्या शतकांतील ब्रदर लॉरेन्स यांचेंहि असेंच झालें. हे पॅरिस शहरांतील एका मठांत स्वयंपाकघरांत काम करीत, व १६९१ सालीं वारले. प्रार्थनेची वेळ व भांड्यांची वेळ यांत आपणांस अंतर वाटत नाहीं, अशी त्यांची ख्याति होती. त्यांच्या स्वयंपाकघरांत शांतता नव्हती. दहा माणसें दहा गोष्टी मागत असत. तरीहि ज्याच्या त्याच्या मागण्याकडे शांतपणें लक्ष देतां येईल इतकें मन त्यांनीं कमाविलें होतें.

यावरून आमच्या मतें ध्यानाची कसोटी ठरते. डोळे मिटलेले असतां मनास किती सुख वाटलें ही ती कसोटी नव्हे. डोळे उघडल्यावर समोरच्या माणसाचें बोलणें आपण पुरतें ऐकितों कीं नाहीं, ही ती होय. दिसणाऱ्या भावावर जो प्रीति करीत नाहीं तो न दिसणाऱ्या देवावर कशी करील, असा विचार योहानानें आपल्या पत्रांत मांडिला आहे. लक्षाविषयींहि तेंच म्हणतां येईल. बायको दिवसभराची हकीकत सांगत आहे, आणि नवरा पडद्यावरची नजर न काढितां हूं म्हणतो. मूल आपली पाटी दाखवावयास येतें, आणि आईच्या हातांतील व्हिडिओ संपेपर्यंत उभें राहतें. चार दिवसांनीं तें येईनासें होतें. म्हातारा बाप एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगूं लागतो, कारण पहिल्या दोन वेळां कोणी ऐकली नव्हती. घरांत भांडण नाहीं, मारहाण नाहीं, कोणी कोणाचें कांहीं चोरलें नाहीं. तरी त्या घरांतील माणसें एकमेकांस हळूहळू मुकत आहेत. देवाच्या वाट्याचें लक्ष व माणसाच्या वाट्याचें लक्ष हीं दोन वेगळ्या कणगींत सांठविलेलीं नसतात. एक रिती झाली कीं दुसरीहि रितीच.

आतां उपायाकडे वळूं. एकट्याच्या निश्चयावर सारा भार टाकणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. इगतपुरी येथें सत्यनारायण गोएंका यांनीं (१९२४–२०१३) स्थापिलेल्या धम्मगिरी केंद्रांत १९७६ सालापासून विपश्यनेचीं दहा दिवसांचीं शिबिरें भरत आलीं आहेत. तो मार्ग आमचा नव्हे. परंतु त्याच्या व्यवस्थेंत शिकण्यासारखें आहे. तेथें येणाऱ्यास मोबाइल जमा करावा लागतो, लिहिणें वाचणें बंद ठेवावें लागतें, व बहुतेक सर्व दिवस मौन पाळावें लागतें. हें सर्वांस एकदम लागू असतें, म्हणून प्रत्येकास सोपें जातें. पण ज्याच्या दावणीस दोन म्हशी आहेत आणि जो रोजच्या मजुरीवर पोट भरतो, त्यास दहा दिवस कोठून मिळणार?

त्यासाठीं सांगली जिल्ह्याच्या कडेगांव तालुक्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवाचें उदाहरण आम्हांस अधिक जवळचें वाटतें. करोनाच्या काळांत शाळेचे धडे मोबाइलवर आले. शाळा पुन्हां उघडल्या, तरी मुलांच्या हातांतील मोबाइल सुटेनात. २०२२ सालच्या १४ ऑगस्ट रोजीं गांवकऱ्यांनीं सभा भरवून असें ठरविलें कीं रोज सायंकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजावा, सर्व घरांतील टी.व्ही. व मोबाइल बंद व्हावे, आणि ८॥ वाजतां दुसरा भोंगा होईपर्यंत ते बंदच राहावे. दुसऱ्या दिवसापासून तसें सुरू झालें. आरंभीं कित्येकांनीं ही कल्पना हसण्यावारी नेली. तेव्हां आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कामगार व निवृत्त शिक्षक घरोघरीं समजूत घालावयास गेले. तीन हजारांच्या आसपास वस्तीचें हें शेतकऱ्यांचें गांव. त्यानें केलेल्या या गोष्टीची वार्ता त्या वर्षीं दूरदूरच्या देशांत गेली.

यावर कोणी म्हणेल कीं भोंग्यानें फार तर शांतता होईल, ध्यान होणार नाहीं. सक्तीनें मन वळत नाहीं. हें आक्षेपणें बरोबर आहे. रिकामी घागर म्हणजे पाणी नव्हे. परंतु घागर आधींच गढूळ पाण्यानें भरलेली असेल तर चांगलें पाणी तींत ओतणार कोठें? आणि त्या गांवच्या भोंग्यापासून आम्ही जें शिकलों तें असें: शेजारच्या घरांतहि आतां पडदा बंद आहे हें ज्यास ठाऊक असतें, त्यास आपला पडदा बंद ठेवण्यास अर्धेंच बळ पुरतें. जें जाळें हजारोंनीं मिळून विणलें त्यांतून एकट्यानें सुटूं पाहणें कठीण. चार घरांनीं मिळून सुटणें तितकें कठीण नाहीं. आमच्या मंडळ्यांस ही रीति नवी वाटूं नये. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा आणि घरांतील कौटुंबिक उपासना या याच हेतूनें निघाल्या. घंटा झाली कीं सर्वांनीं हातचें काम ठेवावें.

म्हणून आमच्या वाचकांपुढें आम्ही कांहीं साध्या सूचना ठेवितों. सकाळीं उठल्यावर प्रार्थना होईपर्यंत मोबाइलला हात लावूं नये. दिवसाचा पहिला शब्द कोणाचा ऐकावा हें आपणच ठरवावें. मननासाठीं शक्यतों छापील पुस्तक घ्यावें, कारण त्याच्या पानांतून कोणाचा निरोप वर येत नाहीं. ज्यास दृष्टीमुळें किंवा अक्षरओळख नसल्यामुळें मोबाइलवरच ऐकावें लागतें, त्यानें तो खुशाल वापरावा, पण त्या वेळेपुरतें इंटरनेट बंद करावें. संध्याकाळीं जेवण व उपासना होईपर्यंत घरांतील सर्वांचे मोबाइल एका टोपलींत ठेवावे, आणि त्या टोपलींत बापाचा मोबाइल पहिला पडावा. जो बाप स्वतः रात्रीं बारापर्यंत पडदा सारीत बसतो, त्याचें बोलणें मुलें ऐकणार नाहींत, आणि त्यांस दोष देतां येणार नाहीं. कोणी आपल्याशीं बोलावयास आलें तर यंत्र पालथें ठेवावें. ध्यानास बसल्यावर मन दहा वेळां सुटलें तर दहा वेळां हळूच परत आणावें. इव्हाग्रियसाच्या काळापासून दुसरा मार्ग कोणासहि सांपडलेला नाहीं.

परंतु नियम हा माणसासाठीं आहे, माणूस नियमासाठीं नाहीं, हें शब्बाथाच्या बाबतींत आम्ही शिकलों तें येथें विसरूं नये. ज्या आईचा मुलगा परगांवीं पाळीचें काम करून रात्रीं आठ वाजतांच फोन करूं शकतो, तिनें आपला फोन टोपलींत टाकूं नये. तिच्या लेकाचा आवाज ऐकणें हेंच त्या वेळचें तिचें ध्यान होय. ज्याच्या घरीं आजारी माणूस आहे त्यालाहि हा नियम नको. आणि शेजाऱ्याचा पडदा किती वाजेपर्यंत उजळलेला होता, याची टेहळणी करण्यांत ज्याची संध्याकाळ गेली, त्याचेंहि लक्ष भलत्याच जागीं गेलें असें समजावें.

येत्या आठवड्यांत मंडळींतील चार शेजारघरांनीं मिळून एक संध्याकाळ ठरवावी. सात ते साडेआठ एवढाच वेळ. त्यांत एक शास्त्रपाठ व्हावा, थोडा वेळ सर्वांनीं निमूट बसावें, आणि उरलेला वेळ घरांतील सर्वांत म्हाताऱ्या व सर्वांत लहान माणसाचें बोलणें ऐकण्यांत घालवावा. पहिल्या दिवशीं हात वारंवार खिशाकडे जाईल. त्यास भिऊं नये. आठवड्यानें पुन्हां बसावें, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस एवढेंच विचारावें कीं आज माझ्या घरांत कोणाचें बोलणें मीं शेवटपर्यंत ऐकिलें.